उसाच्या बेटावर कांदा आणि ऑक्टोपस

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावला लिलाव थांबले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. हे आपल्याकडे सगळ्यांनी वाचलं. त्यानंतर अडीच महिन्यांनी सरकारनं काही मोजक्या देशांना थोडा थोडा कांदा द्यायचं ठरवलं. त्या यादीत बांगलादेशासमोर ५० हजार टन असा आकडा होता आणि मॉरिशससमोर फक्त १,२०० टन. हंगामात एकट्या लासलगावला एका दिवसात याहून जास्त कांदा येतो.

तो आकडा वाचून मी थांबलो. एका देशाचा कांदा इतक्या थोड्या ट्रकांत बसतो आणि तोही दुसऱ्या देशाच्या सरकारनं वेगळा आदेश काढल्यावर मिळतो? त्याच्या काही महिने आधी तांदळाचंही असंच झालं होतं. बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली आणि मॉरिशससाठी १४ हजार टनांची खास परवानगी निघाली. मग प्रश्न पडला की हा देश स्वतःचं अन्न का पिकवत नाही? जमीन सुपीक आहे, पाऊस भरपूर आहे आणि चारी बाजूंनी समुद्र आहे. तिथलं सरकारही गेली पन्नास वर्षं शेती आणि मासेमारी वाढवण्यासाठी धडपडतंय. तरीही ताटातलं जवळजवळ तीन चतुर्थांश अन्न बोटीनं येतं.

याचं उत्तर शोधताना मला एकच धागा पुन्हा पुन्हा दिसला. वादळ आलं, भाव पडला किंवा मासा मिळाला नाही, तर नुकसान कोणाच्या अंगावर पडतं? जिथं सरकारनं ती जोखीम स्वतःच्या खांद्यावर घेतली, तिथं उत्पादन वाढलं किंवा टिकलं. जिथं नुसती योजना जाहीर केली, तिथं लोक ऐकून घरी गेले.

आधी बेट समजून घेऊ. मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे गोव्याच्या अर्ध्याहून थोडं मोठं. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. ज्वालामुखीतून तयार झालेली जमीन असल्यानं मातीत काळे बेसाल्टचे धोंडे खच्चून भरलेले असतात. उसाच्या मळ्यांमध्ये आजही दगडांचे मोठाले ढिगारे पिरॅमिडसारखे उभे दिसतात. हे दगड वेचून काढले हातांनी, आणि त्यातले बरेचसे हात भारतातून नेलेल्या मजुरांचे होते.

ऊस डच लोकांनी जावाहून आणला, १६३९ मध्ये. पण बेट खऱ्या अर्थानं उसानं व्यापलं ते इंग्रजांच्या काळात. १८२५ मध्ये ब्रिटननं मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर काढला आणि लागवड झपाट्यानं पसरली. पुढं गुलामगिरी संपली, तेव्हा १८३४ पासून करारावर भारतीय मजूर आणायला सुरुवात झाली. राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात ते जिथं उतरत, ती जागा आज आप्रवासी घाट म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. सुमारे साडेचार लाख माणसं त्या पायऱ्यांवरून गेली. बहुतेक बिहार आणि भोजपुरी पट्ट्यातली होती, काही तमिळ आणि तेलुगू, आणि काही आपल्या रत्नागिरी-साताऱ्याकडची. त्यांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणूनच ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कांद्याच्या त्या १,२०० टनांशी आपलं नातं नुसतं व्यापाराचं नाही, ते असं.

आता ऊसच का, हे पाहू. त्याचं पहिलं कारण वारा आहे. मॉरिशस चक्रीवादळांच्या वाटेत बसलंय. फेब्रुवारी १९६० मध्ये ‘कॅरोल’ वादळानं बेट झोडपलं आणि त्या वर्षी साखरेचं उत्पादन निम्म्याहून खाली गेलं. पण ऊस मेला नाही. तो आडवा होतो आणि पुन्हा उठतो. मुळं जमिनीत राहतात, खोडवा फुटतो. तिथं एका लागणीवर सहा-सात वर्षं खोडवे घेतात. तेच वादळ टोमॅटोच्या किंवा फरसबीच्या शेतावरून गेलं, तर सकाळी तिथं चिखलाशिवाय काही उरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळानंतर भाजीचे वाफे तसेच झाले.

दुसरं कारण कागदावरचं आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. वादळ आणि दुष्काळापासून ऊस उत्पादकांना भरपाई देणारा विमा निधी त्या देशात १९४६ पासून आहे. स्वातंत्र्य मिळण्याच्या बावीस वर्षं आधीपासून. पुढं १९७५ मध्ये युरोपशी साखरेचा करार झाला. त्यानुसार युरोप दरवर्षी मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या भावानं घेणार होता आणि तो भाव बऱ्याचदा जागतिक बाजाराच्या दुप्पट-तिप्पट असे. विचार करा, पीक वादळात उठून उभं राहतं, नुकसान झालं तर विमा आहे, माल विकला जाणार हे नक्की आहे आणि भावही पक्का. मग कोणता शहाणा शेतकरी वांगी लावेल? युरोपचा करार होण्याआधी, १९७३ मध्येच देशानं सात लाख टनांहून जास्त साखर काढली होती. लागवडीखालची बहुतेक जमीन उसाखाली होती आणि जेवण बाहेरून येत होतं. उसाच्या पैशातून भात विकत घेता येत असेल, तर यात काही चूकही नव्हती.

या चौकटीतही सरकारनं आणि तिथल्या ऊस संशोधन संस्थेनं एक सुंदर काम केलं. आपल्या शेतकऱ्यांना ते लगेच पटेल. नव्या उसाच्या दोन सऱ्यांमध्ये पहिले तीन-चार महिने जागा मोकळी असते. तिथं बटाटा घ्यायचा. ऊस पानं पसरेपर्यंत बटाटा काढून व्हायचा, खत-पाणी दोघांना एकच. १९७० च्या दशकात हे आंतरपीक इतकं पसरलं की बटाट्याच्या बाबतीत देश जवळपास स्वयंपूर्ण झाला. त्याला बाजाराचा टेकूही होता. १९६० च्या दशकात स्थापन झालेलं कृषी विपणन मंडळ बटाटा, कांदा, लसूण यांची आयात ताब्यात ठेवतं, बियाणं पुरवतं, शीतगृहात साठा करतं आणि स्थानिक माल बाजारात येतो तेव्हा बाहेरचा माल रोखतं. म्हणजे भावाची जोखीम मंडळाची. बटाटा जमला तो यामुळं.

मग युरोपनं हात काढून घेतला. २००६ पासून साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानं ३६ टक्क्यांनी कापला गेला आणि २००९ मध्ये तो करारच संपला. छोट्या ऊस उत्पादकांचं गणित कोसळलं. उसाखालचं क्षेत्र एकेकाळी सत्तर हजार हेक्टरांच्या वर होतं, ते चाळीस हजारांच्या आसपास आलं. वीस-एकवीस कारखान्यांचे तीन उरले. तेही साखरेइतकेच बगॅसवरच्या, म्हणजे उसाच्या चिपाडापासून केलेल्या विजेवर उभे आहेत. वरवर पाहता ही भाजीपाल्यासाठी संधी होती, कारण जमीन मोकळी झाली होती. पण सुटलेली जमीन भाजीकडे फारशी गेलीच नाही. तिच्यावर परदेशी ग्राहकांसाठी बंगले उठले, २०१५ नंतर ‘स्मार्ट सिटी’ योजना आल्या आणि हजारो हेक्टर नुसतेच गवत वाढत पडून राहिले. भाजी आणि इतर अन्नपिकं आजही सुमारे आठ हजार हेक्टरांवरच आहेत.

सरकार स्वस्थ बसलं होतं असं मात्र नाही. २००८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले, तेव्हा वेगळा अन्नसुरक्षा निधी काढला गेला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोझांबिकमध्ये जमीन घेऊन तिथं धान्य पिकवायचा बेतही ठरला. देशात भात घेऊन पाहण्याचे प्रयोग झाले. लहान शेतकऱ्यांची विखुरलेली शेतं एकत्र करून, यंत्रानं धोंडे काढून, पाणी देण्याची मोठी योजना राबवली गेली. दगड काढायचा खर्च एकट्या शेतकऱ्याला कधीच झेपला नसता. त्यामुळं सगळ्या योजनांमध्ये मला ही सर्वात प्रामाणिक वाटते. फायदा मात्र मुख्यतः उसालाच झाला.

खरा धक्का बसला मार्च २०२० मध्ये. कोविडच्या टाळेबंदीत सरकारनं आठवडाभर सुपरमार्केट आणि बेकऱ्यासुद्धा बंद ठेवल्या. नंतर उघडल्या त्या आडनावाच्या आद्याक्षरानुसार दिवस वाटून. अमुक अक्षरं सोमवारी-गुरुवारी, तमुक मंगळवारी-शुक्रवारी. त्या आठवड्यात परसातल्या शेवग्याच्या पाल्याला किती किंमत आली असेल, याची कल्पना करा. तिथं शेवग्याला ‘मुरूम’ म्हणतात, तमिळ मुरुंगैवरून. त्याच्या पाल्याची पातळ भाजी गरिबाच्या घरात नेहमीची. भेंडीला ‘लालो’ आणि आपल्या दोडक्याला ‘पिपंगाय’ म्हणतात.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात पडीक सरकारी आणि खासगी जमिनींची ‘जमीन बँक’ करून ती कसणाऱ्यांना द्यायची, असं जाहीर झालं. जाळीच्या आणि प्लॅस्टिकच्या मांडवाखालच्या शेतीला अनुदान मिळू लागलं. मांडवाची कल्पना बरोबरच आहे, कारण तो पाऊस, ऊन आणि किडी या तिन्हींपासून वाचवतो. अडचण एवढीच की मोठं वादळ येतं तेव्हा मांडवच उडतो, आणि मग पिकाबरोबर कर्जही अंगावर येतं.

आणि माकडं. कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. मॉरिशसमध्ये लांब शेपटीची माकडं शेकडो वर्षांपूर्वी बाहेरून आली आणि आता भाजीपासून उसापर्यंत सगळ्यावर ताव मारतात. लिची आणि आंब्यावर वटवाघळं येतात. ही वटवाघळं मात्र तिथलीच, जगात दुर्मीळ. २०१५ पासून सरकारनं त्यांना मारण्याच्या मोहिमा काढल्या, त्यावर निसर्ग अभ्यासकांनी कडक टीका केली. झाडांवर टाकायच्या जाळ्यांना अनुदान आहे आणि मला तोच मार्ग योग्य वाटतो. वटवाघूळ नसेल तर बेटाच्या उरल्यासुरल्या रानात बिया कोण पसरवणार?

कोंबडीची गोष्ट शिकण्यासारखी आहे. चिकन आणि अंडी यांत मॉरिशस स्वयंपूर्ण आहे आणि सरकार ते अभिमानानं सांगतं. पण कोंबड्या खातात तो मका आणि सोया बाहेरूनच येतो. बोट थांबली तर कोंबडीही थांबेल. ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द ऐकला की त्यामागचं खाद्य, बियाणं आणि खत कुठून येतं, ते विचारायला हवं.

आता गंमत पाहा. भाजीसाठी एवढ्या योजना काढणाऱ्या सरकारनंच २०१९ नंतर लहान ऊस उत्पादकांना साखरेच्या पहिल्या साठ टनांसाठी हमीभाव दिला, टनाला २५ हजार मॉरिशस रुपये, आणि तो पुढं वाढवत नेला. बगॅसचे पैसेही वाढवून दिले. ऊस मोडला तर वीजही जाते आणि परकीय चलनही, हे सरकारला ठाऊक आहे. पण शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून पाहिलं तर चित्र सरळ आहे. एका हातात हमीभाव आणि ऐंशी वर्षांचा विमा, दुसऱ्या हातात भाजी. भाजीसाठी वादळानंतरच्या मदतीच्या योजना आहेत, पण त्या उसाइतक्या जुन्या आणि पक्क्या नाहीत. शेतकऱ्याची मुलं हॉटेलात आणि कार्यालयात कामाला गेलीत, मळ्यात बांगलादेश, नेपाळ, मादागास्करहून मजूर येतात. अशा घरातला साठीचा माणूस काय लावेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

जमिनीकडून समुद्राकडे वळू. इथं आकडे भुलवतात. मॉरिशसचं सागरी आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथं मासेमारीचा हक्क त्या देशाचा आहे तो समुद्र, सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे, बेटाच्या हजार पटींहून जास्त. हे ऐकलं की वाटतं, मासे तर अमाप असणार. प्रत्यक्षात छोट्या होडीवाल्यांचा समुद्र म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतलं उथळ पाणी, लगून. तो सगळा मिळून २४३ चौरस किलोमीटर. हजारो वर्षांचा साठा एका-दोन पिढ्यांत उपसला गेलाय, वर हॉटेलांचं सांडपाणी, मळ्यांतून वाहून येणारं खत आणि तापलेल्या पाण्यानं पांढरं पडणारं प्रवाळ. खोल समुद्रातला ट्यूना आहे, पण तो पकडायला मोठी जहाजं लागतात आणि ती मुख्यतः परदेशी आहेत, त्यात युरोपची बरीच. त्यांना परवानगी देऊन सरकारला शुल्क मिळतं. पोर्ट लुईच्या बंदरात मासा उतरवणं, गोठवणं, डब्यात भरणं यांतून हजारो लोकांना काम मिळतं. तो उद्योग मोठा आहे, पण त्या डब्यांतला मासा मुख्यतः युरोपच्या टेबलावर जातो.

म्हणून मासेमारी ‘वाढवणं’ याचा मॉरिशसमधला अर्थ बराच वेळ असा राहिला की लोकांना लगूनमधून बाहेर काढायचं. आपल्या रापणीसारखी मोठी जाळी ओढणाऱ्यांचे परवाने सरकारनं पैसे देऊन परत घेतले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ही जाळी बंद असतात. १९८० च्या दशकापासून कड्याबाहेर खोल पाण्यात नांगरलेले तरंगते ठोकळे सोडले आहेत. मोकळ्या समुद्रात काहीही तरंगलं की त्याच्या सावलीला लहान मासे जमतात आणि त्यांच्यामागं ट्यूना येतो. मच्छीमारांना तिथं जाण्याचं प्रशिक्षण देतात. वारा जोरात असला आणि होडी बाहेर काढणं धोक्याचं असलं, तर नोंदणी झालेल्या मच्छीमाराला त्या दिवसाचा भत्ता मिळतो. मला हा नियम फार आवडतो. पोटासाठी उधाणात होडी घालू नकोस, असं सरकार पैसे मोजून सांगतं.

पण सगळ्यात चांगली गोष्ट रॉद्रिगची आहे. मुख्य बेटापासून पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर हे १०८ चौरस किलोमीटरचं बेट, मॉरिशसचाच भाग, २००२ पासून स्वायत्त. त्याच्याभोवतीचं लगून बेटाहून मोठं आहे. ओहोटी लागली की तिथल्या बायका पायात जुने बूट घालून, हातात लोखंडी टोकाची काठी घेऊन पाण्यात चालत जातात आणि प्रवाळाच्या भोकांतून ऑक्टोपस काढतात. आपल्याकडे वेंगुर्ल्याला, मालवणला बायका कालवं-तिसऱ्या काढायला ओहोटीला जातात, अगदी तसंच. ऑक्टोपसला तिथं ‘उरीत’ म्हणतात. दोरीवर वाळत घातलेले उरीत हे रॉद्रिगचं नेहमीचं दृश्य. पण १९९० च्या दशकापासून ते कमी कमी मिळू लागले, आणि जे मिळत ते लहान.

उपाय आला मादागास्करहून. तिथल्या मच्छीमार गावांनी काही भाग काही महिने बंद ठेवून पाहिला होता. रॉद्रिगची माणसं ते बघून आली. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१२, सगळं लगून ऑक्टोपससाठी दोन महिने बंद.

यामागचं जीवशास्त्र सोपं आहे. ऑक्टोपस जेमतेम वर्ष-दीड वर्ष जगतो आणि झपाट्यानं वाढतो. तरुण ऑक्टोपसचं वजन महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट होऊ शकतं. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, कपारीत बसून राखते, त्या काळात काही खात नाही आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. म्हणजे तिला अंडी घालण्याआधी पकडलं, तर पुढची पिढीच गेली. दोन महिने थांबलं तर तोच ऑक्टोपस दुप्पट वजनाचा मिळतो आणि बीही राहतं. वर्षानुवर्षं वाढणाऱ्या मोठ्या माशासाठी दोन महिन्यांनी काही होत नाही. ऑक्टोपससाठी दोन महिने म्हणजे अर्धं तारुण्य.

आपल्याकडे जून-जुलैत बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या निघतात, त्यामुळं थांबण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पण त्या दोन महिन्यांत घर कसं चालवायचं, हा प्रश्न आपल्या कोळीवाड्यांतही दरवर्षी असतोच. रॉद्रिगच्या प्रशासनानं त्याचं उत्तर दिलं. बंदीच्या काळात ऑक्टोपसवाल्यांना किनारा साफ करणं, झाडं लावणं अशी रोजंदारीची कामं दिली. ऑक्टोबरमध्ये लगून उघडलं, तेव्हा हातात आलेले ऑक्टोपस आधीपेक्षा कितीतरी मोठे होते. लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि पुढच्या वर्षीच्या बंदीसाठी भाषण करावं लागलं नाही. पुढं मुख्य बेटानंही ही बंदी स्वीकारली.

त्रुटी आहेत. ज्यांची नोंद आहे त्यांना काम मिळतं, नोंद नसलेल्या बायकांना नाही. उघडण्याच्या दिवशी सगळं बेट पाण्यात उतरतं आणि पहिल्या काही दिवसांत बरंचसं पीक संपतं. तरी मासेमारी वाढवण्यासाठी आधी ती थांबवायची आणि थांबण्याची किंमत सरकारनं भरायची, हे इतक्या स्वच्छपणे करून दाखवलेलं दुसरं उदाहरण त्या देशाच्या शेतीत मला सापडलं नाही.

मासे पाळण्याचेही प्रयत्न आहेत. मुख्य बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या माएबूर गावाजवळ २००२ पासून समुद्रातल्या पिंजऱ्यांत मासे वाढवतात. सरकारनं किनाऱ्यावर अशा आणखी जागा ठरवल्या. तिथं मच्छीमार आणि हॉटेलवाले दोघांनीही विरोध केला, कारण पिंजऱ्यांकडे शार्क येतील ही भीती आणि होड्यांचे जुने रस्ते अडतील ही चिंता. ही चिंता खोटी नाही. उथळ लगून आधीच गर्दीचं आहे.

याच माएबूरच्या किनाऱ्यावर जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये सांडलं. तेल अडवायला तरंगते बांध लागतात आणि ते पुरेसे नव्हते. मग माणसं मळ्यांत गेली. उसाचं वाळलेलं पाचट गाडीत भरून आणलं, कापडाच्या लांब पिशव्यांत कोंबलं, रिकाम्या बाटल्या बांधून तरंगतं केलं आणि शेकडो हातांनी ते बांध पाण्यात ओढत नेले. कोणी आदेश दिला नव्हता. त्या किनाऱ्यावर पुढं बरेच महिने मासेमारी बंद राहिली आणि मच्छीमार भत्त्यावर जगले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवं सरकार आलं, तेव्हा शेती, अन्नसुरक्षा, सागरी अर्थव्यवस्था आणि मासेमारी ही खाती एका मंत्र्याकडे, आर्विन बुलेल यांच्याकडे, एकत्र दिली गेली. आता रॉद्रिगच्या बंदीचा हिशोब आणि उसाच्या हमीभावाचा हिशोब एकाच टेबलावर येतो. भाजी लावणाऱ्यासाठी १९४६ सारखा निधी निघतो का, हे त्या टेबलावर ठरेल. तोवर लासलगावचा भाव वाढला की पोर्ट लुईच्या मंडईतही वाढत राहील.